देवचाराचा कुणगा

लग्नाआधी माझ्या आईला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे माझी जीभ. ‘हिच्या जिभेला हाड नाही, ही सासरी चार दिवस टिकायची नाही,’ असं ती येईल त्याला सांगायची. मी टिकले. पण ज्या घरात मी पडले तिथे एका माणसाला जीभ असून वाचा नव्हती, आणि ती वाचा कुठे गेली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती आमच्या भाताच्या कुणग्यात राहते, असं लोक म्हणत.

माझं माहेर धामापूरचं, तळ्याकाठचं. अदृश्य गोष्टींची मला सवय होती. आमचं तळं म्हणे पूर्वी गरिबांना लग्नासाठी दागिने उसने द्यायचं. परडी ठेवून मागणं करायचं आणि सकाळी दागिने न्यायचे. असल्या गोष्टींवर वाढलेल्या मुलीला पाणी आणि जमीन आपल्या बाजूची वाटते. सासरी आल्यावर कळलं की इथली जमीन काही देत नाही, घेते.

कुणगा म्हणजे खाचर. आमचा कुणगा खाडीच्या अगदी कडेला होता. तीन बाजूंना मातीची मेर, मेरेपलीकडे खारं पाणी, आणि चौथ्या बाजूने माडांमधून आमच्या घरापर्यंत येणारी पाणंद. खाडीकडच्या कोपऱ्यात एक जुनी सातवीण होती आणि तिच्या बुंध्याशी एक काळा दगड. तो देवचाराचा. देवचार म्हणजे सीमेचा राखणदार. तो हातात काठी घेऊन आपल्या हद्दीत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि मर्जी गेली तर घरच्याला वाट चुकवतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ आणि विड्यांचं बंडल मिळे. भात आम्ही पिकवायचो, पण खळ्यात पडलं की निम्मं खोताच्या घरी जायचं. खोत म्हणजे जमिनीचा सरकारदरबारी मालक. शिवाय त्याचं घर शाकारायला पुरुष, भात कांडायला बायका, हे वेगळंच. ते वर्षानुवर्षं चालत आलं होतं, त्यामुळे त्याला कुणी काही नाव ठेवलेलं नव्हतं.

पहिल्या लावणीला मी चिखलात उतरले आणि सासूबाईंना म्हटलं, “आमचो कुणगो केवढो मोठो गो, आये.” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. चिखलाने भरलेला हात. माझ्या दातांत माती गेली.

“ह्या मेरेवर ‘आमचो’ म्हणूचा नाय,” त्या म्हणाल्या. “देवचाराचो म्हणूचा. घराकडे जा आणि दादाक बघ.”

दादा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. लग्न न झालेले, उंच, हातापायांनी धडधाकट. दिवसभर पडवीत खांबाला टेकून बसत आणि सुंभ वळत. तळहातांमध्ये काथ्या फिरल्याचा सर्रसर्र आवाज, एवढाच त्यांचा घरातला आवाज. ते कधी कुणग्यावर जात नसत. पाणंदीच्या तोंडापर्यंत जात, पहिल्या माडाला हात लावत आणि मागे फिरत.

गाव सांगे ती गोष्ट अशी. एका वाईट साली भात निम्मं पोचट निघालं. खोताचा माणूस वाटा न्यायला आला तेव्हा दादा भर दुपारी मेरेवर उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, ‘ह्यो कुणगो माजो. मी कसतंय.’ संध्याकाळी घरी आले ते मुके. देवचाराने आवाज काढून घेतला. आणि घेतला तो टाकला नाही. तिथेच ठेवला, कुणग्यात. तिन्हीसांजेला कधीकधी ऐकू येतो.

मी हसले होते हे ऐकून. नवीन सुना हसतात.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, भात पोटरीला आलं होतं. मी मेरेवरचं गवत कापायला गेले. निघाले तेव्हा दादा पडवीत होते, मांडीवर सुंभाचं वेटोळं. गवत कापता कापता उन्हं गेली. खाडीला भरती लागली होती आणि पाणी मेरेला चाटत होतं. वारा पडला. माडांच्या झावळ्या थांबल्या, खेकडे बिळात गेले, आणि त्या शांततेत मला कुणीतरी बैलांशी बोलताना ऐकू आलं.

“वळ रे माज्या राजा, वळ.”

पुरुषाचा आवाज. मोठा नाही, मायेचा. नांगर मेरेजवळ आला की नांगऱ्या बोलतो तसा. मी वर पाहिलं. समोर उभं पीक होतं. कमरेएवढ्या भातात नांगर कोण घालील? भाताचं एक पातंही हलत नव्हतं. आवाज मात्र सरकत होता, या मेरेपासून त्या मेरेपर्यंत, सरळ रेषेत, आणि सातविणीपाशी पोचला की पुन्हा, “वळ रे माज्या राजा, वळ.”

मी विळा आणि भारा तिथेच टाकला आणि पळत सुटले. खोटं कशाला सांगू, इतकी घाबरले की तोंडातून किंकाळीसुद्धा निघेना, मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं. पडवीत दादा तसेच बसलेले होते. पाय कोरडे. मांडीवरचा सुंभ मी निघताना होता त्याहून चांगला हातभर वाढलेला.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मी काय ऐकलं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “बैलाक काय म्हणालो?”

“राजा.”

त्या जमिनीवर बसल्या. “तेचोच आवाज तो. बैलांका तो राजा म्हणायचो. माज्या लग्नात मी पयल्यांदा आयकलेलंय.” मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पेज वाढायला घेतली. घरात दहा जणांना पुरेल एवढी भीती होती आणि तरी रोजची कामं चालत, हे मला तेव्हा फार विचित्र वाटे. आता वाटत नाही.

दोनेक वर्षांनी कूळ कायद्याची बातमी नाक्यावर एसटीतून उतरली आणि बाजाराच्या पिशव्यांबरोबर गावात आली. जो कसतो त्याची जमीन होणार. कचेरीत जाऊन सांगायचं, आपण कसतो. पुरावा द्यायचा, हप्त्याने किंमत भरायची आणि निम्मं भात कायमचं घरात राहणार. मुंबईला गोदीत कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याचं कार्ड आलं. गोदीतले लोक तेच बोलताहेत, मामलेदाराकडे अर्ज करा, वेळ घालवू नका. मी सासऱ्यांना ते वाचून दाखवलं.

निम्मं भात म्हणजे काय, हे मी सांगते. निम्मं भात म्हणजे चैत्रात कणगीचा तळ दिसायचा. मग नाचणीची आंबील, मग फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, मग खाडीत ओहोटीला वेचलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिचं पोट पुढे आलं होतं आणि केस तांबूस झाले होते. शेजारणी म्हणत, गोरी होतली पोर. मला ठाऊक होतं ते गोरेपण कसलं आहे. मला तो कुणगा हवा होता. सगळा.

खोतालाही कायद्याची बातमी लागली होती. त्याने निरोप पाठवला, यंदाचं पीक निघालं की कुणगा सोडा, पुढच्या साली मी स्वतः कसणार. आयुष्यात ज्याने आंबा स्वतः कापून खाल्ला नाही तो नांगर धरणार होता. कायदा जमीन कसणाऱ्याला देणार म्हटल्यावर जिल्ह्यात अचानक शेतकरीच शेतकरी झाले होते. मी हे मोठ्याने बोलले आणि सासऱ्यांनी मला गप्प केलं. पण अर्जावर अंगठा त्यांनी केला.

पहिली तारीख मालवणच्या कचेरीत पडली. मीही गेले, कारण सासऱ्यांना कचेरीतली मराठी नीट येत नसे आणि मी चार इयत्ता शिकलेली. मामलेदार घाटावरचे, तरुण. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “ही जमीन कोणाची?”

ज्याला उभं आयुष्य त्या मेरेवर ‘आमचो’ म्हणायची बंदी, तो काय सांगणार? सासरे हात जोडून म्हणाले, “सायबानू, जमीन देवचाराची.”

खोताचे वकील पटकन उठले. अर्जदार स्वतःच सांगताहेत की जमीन देवाची आहे. मग हे देवस्थान झालं. देवस्थानाच्या जमिनीवर कुळाला हा हक्क पोचत नाही. आणि गावच्या देवाचे मानकरी आमचे अशील आहेत. मी बाकावरून उठले तर शिपायाने मला खाली बसवलं. एका शब्दात आमचा कुणगा गेला होता, आणि तो शब्द आमच्याच माणसाने, भक्तीने, खरं बोलतोय असं समजून उच्चारला होता.

मामलेदारांनी मात्र लगेच निकाल दिला नाही. त्यांना देवचार म्हणजे काय हे कळेना. कारकुनाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ते म्हणाले, “मी जागेवर येतो. गावासमोर विचारतो. तिथे एकच गोष्ट सांगायची, कसतं कोण.”

घरी येताना होडीत सासरे म्हणाले, “मेरेवर उभो ऱ्हवान तां माज्याच्यान बोलवचा नाय. आमच्या घरात एक मुको पुरे.” ते रागावलेले नव्हते. खूप थकलेले होते.

मामलेदार येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी खोताचं भात कांडताना, सासूबाईंनी मला ते सांगितलं जे गावाच्या गोष्टीत कधी येत नसे.

“दुपारी तो मेरेवर बोललो आणि सांजेक घरी इलो, ह्यां सगळे सांगतत,” त्या म्हणाल्या. मुसळ थांबवलं नाही. “मदी खंय होतो, तां कोण सांगणा नाय. खोताच्या मांगरात होतो. दार बंद करून. मी भायर उभी होतंय. काय आयकलंय तां तुका सांगूचंय नाय.”

“मग देवचार?” मी विचारलं.

“देवचार आसाच,” त्या म्हणाल्या. “पण मांगराच्या दाराची कडी देवचारान घातल्यान नाय.”

मांगर म्हणजे गुरांचं, अवजारांचं खोपट. खोताचा मांगर मी रोज बघत होते. तिथे शेण काढायला आम्हीच जात होतो. त्या दुपारनंतर मला भूक लागेना आणि भीतीही वाटेना. संताप आला, आणि तो अजून आहे.

पाहणीचा दिवस कार्तिकातला. भात पिकून वाकलं होतं. सातवीण फुलली होती आणि तिचा तो जड वास, ज्याने डोकं धरतं, सगळ्या मेरेवर बसला होता. ऊन बरोबर डोक्यावर. त्या वेळेला आमच्याकडे कुणी मेरेवर थांबत नाही. भर दुपार आणि तिन्हीसांज, या दोन वेळा माणसांच्या नसतात. पण सरकारला हे कोण सांगणार? मामलेदार आले, कारकून आला, तलाठी आला. खोत आला, त्याचे वकील आले आणि खोताच्या मागे त्याच्यावर छत्री धरून त्याचा माणूस. गाव आला आणि पाणंदीच्या बाजूला उभा राहिला. कुणग्याच्या मेरेवर पाय न ठेवता. दादा घरी होते. सासूबाई त्यांच्यापाशी थांबल्या होत्या. मी शहाळी द्यायच्या निमित्ताने पुढे गेले होते.

“सांगा,” मामलेदार सासऱ्यांना म्हणाले. “जमीन कोण कसतं?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. ते त्या दगडाकडे बघत होते. खोत कुणाकडेच बघत नव्हता. तो आपल्या पायांवरची धूळ झटकत होता. मामलेदारांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग कारकुनाने दौतीत टाक बुडवला, आणि आता तो ‘उत्तर नाही’ असं लिहिणार हे मला कळलं.

“साहेब, ही जमीन आम्ही कसतो,” मी म्हटलं.

“तुम्ही कोण?”

“यांची सून.”

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “देवचाराक कचेरीतली मराठी खंय कळता?” दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मामलेदारांनी विचारलं काय म्हणतो तो, आणि ऐकून म्हणाले, “मग तुमच्या बोलीत सांगा. मोठ्याने. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यांना समजू दे.”

आता इथे गाऱ्हाण्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडे देवापुढे काही मांडायचं तर ते गाऱ्हाण्यात मांडतात. एक जण मोठ्याने देवाला सांगतो, आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ ते पुरुषांचं काम. बाई कधी गाऱ्हाणं घालत नाही. मी काही ठरवून केलं नाही. बोलीत मोठ्याने बोलायचं म्हटल्यावर माझे पाय आपोआप दगडाकडे वळले आणि हात जोडले गेले.

“बा देवचारा म्हाराजा,” मी म्हटलं, “तू ह्या मेरेचो राखणदार. आज तुज्या म्होरे घरची सून उभी आसा.”

कुणी काही म्हणालं नाही. खाडीचं पाणी थांबल्यासारखं झालं होतं.

“ह्यो कुणगो आमचो. आमी नांगरतंव, आमी लावतंव, आमी कापतंव.”

माझी जीभ कोरडी पडली. मी ती दातांवर फिरवून बघितली, आहे का. माझ्या डोळ्यांसमोर मुलीचे ते तांबूस केस आले, आणि मी पुढचं म्हटलं.

“आमच्या घरचो एक माणूस ह्याच मेरेवर खरा बोललो आणि तेचो आवाज गेलो. तो तू घेतलंस की माणसांनी घेतल्यानी, तां तुका म्हायत आसा. खरा काय तां आज तू सांग.”

आणि सातविणीच्या बाजूने, जिथे कुणी उभं नव्हतं, जिथे नुसतं वाकलेलं भात आणि त्यामागे पाणी होतं, तिथून आवाज आला.

“व्हय म्हाराजा.”

मोठा नाही, मायेचा. मी तो ओळखला. सासऱ्यांनी ओळखला. गावातल्या म्हाताऱ्यांनी ओळखला. आणि खोताने ओळखला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने आपल्या डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला, जणू तो हात दुसऱ्याचा होता.

मग जे झालं ते जन्मभराच्या सवयीने झालं. गाऱ्हाण्यात एकाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की आमच्या माणसाला गप्प राहता येत नाही. पहिल्यांदा एक म्हातारा म्हणाला. मग सगळी पाणंद म्हणाली, बायका, पुरुष, शेंबडी पोरं, “व्हय म्हाराजा!” खोताच्या मागे छत्री धरून उभा असलेला माणूससुद्धा म्हणाला. म्हटल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं, आणि छत्री वाकडी झाली.

“काय म्हणताहेत हे?” मामलेदारांनी विचारलं.

“साहेब, बाईचं म्हणणं खरं आहे, असं म्हणताहेत,” तलाठी म्हणाला. तोही घामाने भिजला होता.

“सगळे?”

“सगळे.”

“आणि तिकडून पहिल्यांदा कोण बोललं? त्याचं नाव घ्या.”

कारकुनाने सातविणीपर्यंत जाऊन पाहिलं आणि लवकर परत आला. मग त्याने जमलेल्या माणसांपैकी चार जणांचे जबाब घेतले. एकदा तोंड उघडल्यावर लोकांना थांबवणं कठीण गेलं. कोणत्या साली बांध फुटला, कोणी बांधला, बैल कोणाचे, शेण कोणाचं, सगळं आलं. खोताचे वकील देवस्थानाचं काही बोलू लागले तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, देव असला तर त्याचा वाटा इतकी वर्षं कुठल्या देवळात गेला? आम्ही तर तो खोताच्या माडीवर चढताना बघितला. तेही लिहून घेतलं गेलं.

मी धावत घरी आले. दादा पडवीत होते. सासूबाई त्यांची पाठ चोळत होत्या.

“खंय गेल्ले?” मी विचारलं.

“खंय जातलो? हयच होतो. दुपारी एकदम ठसको लागलो. थांबना. मरता की काय वाटला.”

दादांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर सुंभाकडे वळवली.

आता माझी पाळी होती. मेरेवर ‘आमचो’ म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत वाचा जाणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. मीही. म्हणून मी बोलत सुटले. थांबले तर परत सुरू होणार नाही अशी भीती वाटत होती. भांड्यांशी बोलले, गाईशी बोलले, मुलीला माहेरच्या तळ्याच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. शेजारीण ताक मागायला आली. तिच्या घरी दोन म्हशी होत्या. दुसरी विस्तव मागायला आली. तिसरी नुसतीच आली आणि म्हणाली, “काय गो, बरी आसंस मां?” मी म्हटलं, “अजून बोलतंय. जा, सांग सगळ्यांका.” ती लाजली आणि खरोखरच सांगायला गेली. रात्री झोप येईपर्यंत मी बडबडत होते. सकाळी जाग आली तेव्हा डोळे मिटलेले ठेवूनच मी ओठ उघडले आणि म्हटलं, “आये.” आवाज निघाला. मी पांघरुणात तोंड घालून रडले. तेव्हापासून ही जीभ चालू आहे ती आजतागायत. घरातली माणसं कंटाळतात, पण त्यांना कारण माहीत आहे.

निकाल आमच्या बाजूने लागला. खोत त्यानंतर आमच्या पाणंदीने कधी आला नाही. आपल्या घरी जायला तो लांबच्या देवळाकडून वळसा घेई. कुणग्यातला आवाजही त्या दुपारनंतर कुणाला ऐकू आला नाही. मी पुष्कळदा मुद्दाम तिन्हीसांजेला जाऊन उभी राहिले. पाणी, झावळ्या, खेकडे. बैलांशी बोलणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षीचं भात खळ्यात आलं. झोडून, वारवून झालं. सासूबाईंनी सवयीने खळ्याच्या दोन बाजू झाडून ठेवल्या होत्या, दोन राशींसाठी. एक खोताची, एक आमची. भाताची एकच रास पडली आणि ती दुसरी झाडलेली जागा रिकामी राहिली. कुणी तिच्यावर पाय ठेवीना. दुपारचं ऊन त्या मोकळ्या जागेवर पडलं होतं आणि तिथे कुणीतरी उभं आहे असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. माझी मुलगी तेवढी त्या जागेत जाऊन बसली आणि मातीत रेघोट्या ओढू लागली.

भात मापायचं होतं. इतकी वर्षं ते खोताचा माणूस मापायचा. आमच्याकडे मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पहिला शब्द तोंडातून निघाल्याशिवाय पायली ओतायची नाही, ओतली तर बरकत जाते. तो शब्द घरातल्या थोरल्या पुरुषाने म्हणायचा.

सासऱ्यांनी पायली उचलली. मग ते थांबले आणि पडवीकडे बघू लागले. दादा खांबापासून उठले होते. ते सावकाश खळ्यात उतरले, सासऱ्यांच्या हातातून पायली घेतली, राशीत खुपसली आणि वरून तळहाताने सपाट केली. मग ती छातीशी धरून उभे राहिले. ओतायची कशी? शब्द कोण म्हणणार? सासऱ्यांना म्हणता आला असता, पण थोरला भाऊ पुढे उभा असताना त्यांनी तो म्हटला नाही. पायलीतल्या भाताचे दाणे एक एक करून खाली पडत होते.

“लाभ.”

मायेचा, मोठा नाही. मी तो दोनदा ऐकला होता. तो दादांच्या तोंडातून आला की पाठीमागच्या पाणंदीतून, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी त्यांच्या ओठांकडे बघत नव्हते. मी पायलीकडे बघत होते. ती ओतली गेली, त्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेत, माझ्या मुलीच्या मांडीवर, आणि ती खिदळली.

सासूबाईंनी तोंडात पदराचा बोळा घातला होता. सासऱ्यांनी भावाच्या हातातून पायली घेतली, राशीत घातली आणि म्हणाले, “दोन.”